वाचकांचे प्रश्न : जपानची बिनतेलाची लोणची

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. तेथे भाताबरोबर भाज्यांची जी लोणची वाढतात, त्यांत तेल नसते आणि मोहरी-मेथीचा मसालाही नसतो, असे तो सांगतो. आपल्याकडे तर बरणीतले तेल थोडे खाली गेले तरी लोणच्याला बुरशी येते. मग ही लोणची टिकतात कशी? (एक वाचक भगिनी, अमळनेर)

उत्तर : टिकवण्याचे काम तेथे मुख्यतः मीठ करते आणि त्याला वजनाची जोड असते. मिठामुळे भाजीतले पाणी सुटते, वर ठेवलेल्या जड दगडाने भाजी त्याच खारट पाण्यात बुडून राहते आणि हवा न लागल्याने मीठ सोसणारे जीवाणू भाजीतील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आपण तेलाने हवा अडवतो, ते पाण्याने अडवतात.

मात्र ‘त्सुकेमोनो’ (जपानी लोणची) या नावाखाली येणारे सगळेच पदार्थ टिकाऊ नसतात. ‘आसाझुके’ हे थोड्या मिठात काही तासांत होणारे लोणचे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचे असते. २०१२ मध्ये होक्काइदो बेटावर चिनी कोबीच्या अशाच लोणच्यातून ई. कोलाय जीवाणूची बाधा पसरून ८ जण दगावले होते. उलट नारा येथील ‘नाराझुके’ साके ही तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यात कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ मुरते. ‘टाकुआन’साठी मुळा आधी उन्हावाऱ्यात लवेपर्यंत सुकवतात आणि मग मीठ व भाताच्या कोंड्यात दडपतात. अकिता हा बर्फाचा प्रदेश असल्याने तेथे ऊन पुरत नाही, म्हणून मुळे चुलीवर टांगून धुरात सुकवण्याची रीत पडली, आणि तो धुराचा वास असलेला ‘इबुरी-गाक्को’ आता सगळ्या जपानभर आवडीने खाल्ला जातो. नागानो प्रांतातील किसो खोऱ्यात तर सलगमाचा पाला मिठाशिवाय नुसता आंबवतात. माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत नवलाचा प्रकार तोच आहे.

प्रश्न : भाताच्या कोंड्यात भाज्या पुरून केलेले लोणचे आमच्याकडे करता येईल का? मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : करता येईल, पण सुरुवात कार्तिक-मार्गशीर्षातच करावी. या ‘नुकाझुके’च्या कोंड्याला २० ते २५ अंशांचे तापमान मानवते, त्याहून उष्णता वाढली की तो झपाट्याने आंबट होतो.

पहिली अडचण कोंड्याची आहे. नवापूरकडे भात पिकतो, त्यामुळे कोंडा मिळणे अवघड नाही, परंतु जुन्या हलर गिरणीच्या कोंड्यात तुसाचे तुकडे मिसळलेले असतात आणि ते दाताखाली येतात, म्हणून तो बारीक चाळणीने चाळून घ्यावा. शिवाय कोंड्यात तेल असल्यामुळे तो गिरणीतून बाहेर पडताच खवट होऊ लागतो. त्याच दिवशी मंद आचेवर कोरडा भाजून ठेवावा. एक किलो कोंड्याला सुमारे १३० ग्रॅम मीठ आणि उकळून गार केलेले साधारण एक लिटर पाणी घालून ओल्या वाळूसारखे कालवावे. त्यात दोन-तीन सुक्या मिरच्या घालाव्यात. त्या तिखटासाठी नसून किडीपासून राखण म्हणून असतात, तेव्हा खान्देशी हात जरा आवरावा. जपानी लोक कोंबू हे समुद्री शेवाळही घालतात, पण त्यावाचून अडत नाही.

चिनी मातीच्या बरणीत किंवा काचेच्या भांड्यात हा कोंडा भरून पहिले आठ-दहा दिवस त्यात कोबीची पाने, मुळ्याची टोके पुरावीत आणि काढून टाकावीत. तोवर आत जीवाणूंचा जम बसतो. रोज एकदा, उकाड्यात दोनदा, स्वच्छ हाताने तळापासून ढवळणे हे या लोणच्यातील खरे कष्ट आहेत, कारण न ढवळल्यास वर यीस्टचा पांढरा पापुद्रा धरतो आणि तळाशी दुर्गंधी आणणारे जीवाणू वाढतात. पांढरा थर खरवडून काढता येतो, पण काळी, हिरवी वा लाल बुरशी दिसल्यास सगळा कोंडा टाकून द्यावा. आंबटपणा वाढला तर चमचाभर मोहरीची पूड घालावी. फाल्गुन सरला की बरणी फ्रिजमध्ये हलवावी. तेथे दोन-तीन दिवसांआड ढवळले तरी चालते.

काकडीला बाहेर बारा तासांच्या आसपास वेळ लागतो, फ्रिजमध्ये दिवसभर लागतो. वांगी कच्चीच पुरतात आणि तशीच खातात, त्यामुळे भरताच्या मोठ्या हिरव्या वांग्यांचा येथे उपयोग नाही. बोटभर लांबीची कोवळी जांभळी वांगी घ्यावीत आणि रंग टिकावा म्हणून मिठाबरोबर किंचित तुरटी चोळावी.

प्रश्न : उमेबोशी या जपानी लोणच्याची फळे येथे मिळत नाहीत. त्याऐवजी कैरी चालेल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : ‘उमे’ हे जर्दाळूच्या कुळातील आंबट फळ आहे. ते वजनाच्या १८ ते २० टक्के मिठात मुरवून, पावसाळा संपल्यावर सुमारे तीन दिवस उन्हात वाळवतात. वाकायामा प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. कैरी वाळवता येते, आपल्याकडचे ऊन त्याला पुरून उरेल, पण चव दूरच राहते. उमेचा आंबटपणा प्रामुख्याने सायट्रिक आम्लाचा असल्याने नुसत्या मिठात मुरवलेले जुने लिंबू त्याला अधिक जवळचे आहे, आणि ते आपल्या घरी बहुधा असेलच.

प्रश्न : रक्तदाब असलेल्यांनी ही लोणची खावीत का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : तेल नाही म्हणून ती निर्धोक आहेत, असे समजू नये. जुन्या पद्धतीच्या १० ग्रॅम गराच्या एका उमेबोशीत सुमारे दोन ग्रॅम मीठ असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. कोंड्यातील काकडी धुऊन दोन-तीन चकत्या घ्यायच्या असतील, तर त्या जेवणात पापड व आपले नेहमीचे लोणचे वर्ज्य करावे आणि तेवढ्यासाठीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.