कोर्ट फी कुठे जाते?

प्रश्न : आमच्या तालुका न्यायालयाच्या अभिलेख कक्षात दर पावसाळ्यात गळती होते आणि दाव्यांचे दप्तर प्लास्टिक कापडाखाली झाकून ठेवावे लागते. पक्षकारांनी भरलेली कोर्ट फी या दुरुस्तीवर का खर्च होत नाही? नगरपरिषद मदत करू शकेल का? – एक वाचक

उत्तर : कोर्ट फी न्यायालयाकडे राहत नाही; ती राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. महाराष्ट्रात 1959 च्या अधिनियमानुसार ती आकारली जाते आणि 2018 मध्ये तिची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाख रुपये झाली. कोर्ट फी हा कर नव्हे, तिचा न्यायदानाच्या खर्चाशी संबंध असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच सांगितले. तरीही तुमच्या तालुक्यातली फी तुमच्याच न्यायालयावर खर्च होईल, अशी सोय त्यामुळे झालेली नाही.

खरी अडचण पुढे आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च संविधानाच्या अनुच्छेद 229 नुसार ‘भारित’ असतो, म्हणजे त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. शासन स्वतःच मोठा पक्षकार असल्याने हे संरक्षण मला अत्यावश्यक वाटते. तालुका न्यायालयाला ते नाही. तेथील न्यायाधीशांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे, पैसा विधी व न्याय विभागाच्या, विधानसभेत मतदानाला येणाऱ्या खर्चाच्या मागण्यांतून मंजूर होणारा आणि इमारत बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या देखभालीखाली, अशा तीन हातांत काम विभागले जाते व दुरुस्तीचा कागद मध्येच अडकतो.

नव्या इमारतींसाठी 1993-94 पासून केंद्रपुरस्कृत योजना आहे. तीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्याचा वाटा 60:40 आहे. मात्र कनिष्ठ न्यायाधीशांच्या वेतन व सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशींचा निम्मा भार केंद्राने उचलावा, ही सूचना सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्वीकारली नाही. राज्यांनी हवे तर कोर्ट फी वाढवावी किंवा वित्त आयोगाकडे जावे, असे सांगितले.

नगरपरिषदेवर हा भार नाही, आणि नसावा. मालमत्ता कर, अतिक्रमणे यांवरून ती त्याच न्यायालयात वादी-प्रतिवादी असते. कॅलिफोर्नियातही कनिष्ठ न्यायालयांच्या खर्चाचा मुख्य भार 1997 च्या कायद्याने काउंटींकडून (जिल्ह्यासारख्या स्थानिक शासनांकडून) राज्याकडे गेला.

वकील संघामार्फत प्रधान जिल्हा न्यायाधीशांना निवेदन द्या, दुरुस्तीचे अंदाजपत्रक कोणत्या कार्यालयात थांबले आहे ते माहिती अधिकारात विचारा आणि ती माहिती पुरवणी मागण्यांपूर्वी आमदारांच्या हाती द्या.