नकाशा महामार्गावरच का चालवतो?

प्रश्न : म्हापशाहून पर्वरीला चालत जायला ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर) चालणारं ॲप राष्ट्रीय महामार्ग ६६ दाखवतं. त्यावर ‘पायी बंदी’ लावू का?

उत्तर : नको. ‘फूट=नो’ (पायी बंदी) हा टॅग, म्हणजे नकाशात रस्त्याला जोडलेली माहितीची खूण, कायद्याने मनाई असेल तिथेच; धोका वाटतो म्हणून नव्हे. खोट बहुधा महामार्ग टाळून जाणाऱ्या आतल्या वाटेत असते. ती काढलेलीच नसते, किंवा तिचं टोक रस्त्याला टेकल्यासारखं दिसतं, पण दोघांचा बिंदू एक नसतो. हातभर फटीनेही मार्ग तुटतो. आयडी एडिटरमध्ये (ओपनस्ट्रीटमॅप सुधारायच्या साधनात) टोक ओढून रस्त्याच्या रेषेवर सोडा. महामार्गाला पदपथ नसेल तर ‘साइडवॉक=नो’ लावा, मात्र जागेवर बघूनच; उपग्रहचित्रात माडांखालचं काय दिसणार? गूगलच्या नकाशावरून नक्कल करणं परवान्यात बसत नाही. ॲपमध्ये बदल त्याचा डेटा ताजा झाल्यावरच दिसेल.