मदतीचं ओझं उतरवायला कर्ज काढू?

प्रश्न : आम्ही वडगावचे. घरचे दोन्ही यंत्रमाग बंद आहेत, हे हमालीला जातात. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार कन्नड, तरी त्यांनी उधारीबद्दल स्वतःहून सांगितलं, "माग सुरू झाल्यावर बघू." मुलीची पीयूसीची (अकरावी-बारावीची) फी कुणीतरी परस्पर भरली; कॉलेजात नाव सांगत नाहीत. शेजारच्या काकू "जास्त झाली" म्हणून रोज भाजी देतात. मला मात्र मिंधेपणानं झोप नाही. बायकांच्या संघाचं (मायक्रोफायनान्सचं) कर्ज काढून सगळ्यांचं फेडून टाकू का?
— एक भगिनी, बेळगाव

उत्तर : ताई, कर्ज काढू नका. बाकीचं मागाहून बोलू. दुकानदारांनी तुम्हाला बिनव्याजी मुदत दिलीय. ती सोडून तुम्ही हप्त्यासाठी दारात बसणाऱ्यांना बोलावणार? एका संघाचं फेडायला दुसऱ्या संघाचं, यात आपल्याकडची किती घरं अडकली ते तुम्ही पाहिलंय. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ मध्ये कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायद्यानं धमक्या थांबतील, पण घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरावाच लागेल.

सगळी मदत एकाच हिशेबात धरू नका. दुकानातली ती उधारी आहे, फेडायचीच. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये जमा झाले की त्यातले शंभर-दोनशे त्यांच्या हातावर ठेवा. "राहू दे" म्हणाले तर "लिहून घ्या, अण्णा" म्हणा. ते कन्नड, आपण मराठी, याचं तुम्हाला नवल वाटलंय. मला नाही वाटलं. माग थांबला की दोन्हीकडच्या चुली अडतात, आणि ते दुकानदाराला सगळ्यात आधी कळतं.

फी ही मात्र भेट आहे. तुमची मान खाली जाऊ नये म्हणूनच देणाऱ्यानं नाव लपवलंय, तेव्हा त्याचा शोध घेऊ नका, क्लार्कला खोदून विचारू नका. मुलीला चार ओळींची चिठ्ठी लिहायला सांगा आणि ज्यांनी भरली त्यांना पोचवा म्हणून ऑफिसात द्या.

काकू मुद्दामच जास्त शिजवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांचं भांडं रिकामं परत करू नका. लोणच्याची फोड चालेल, नाहीतर चिमूटभर साखर.

एक राहिलं. तुमच्या पत्रात यजमानांचं मत कुठेच नाही. दिवसभर ओझी उचलून आलेला माणूस बोलत नसेल, पण दुकानाची उधारी त्यांच्याही डोक्यात असणार. संघाच्या बाईंना काही कळवण्याआधी त्यांच्याशी बोला आणि दर महिन्याला दुकानात किती द्यायचे, तो आकडा दोघांनी मिळून ठरवा.