रिअल-टाइम टास्क अडकला की लिनक्स बोर्ड गोठतो, सीपीयूची लिमिट -१ करून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की फिफो (स्वतः थांबेपर्यंत किंवा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क येईपर्यंत सीपीयू न सोडणारी रिअल-टाइम पद्धत) लावलेला टास्क अडकला की बोर्ड गोठतो, लॉगमध्ये आरटी थ्रॉटलिंगची, म्हणजे रिअल-टाइम (आरटी) टास्कना लगाम लावल्याची ओळ येते, आणि रनटाइम -१ केलं, म्हणजे लिमिटच काढली, की ती ओळ जाते. पण -१ नका करू. मी केलं होतं.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजायचे बोर्ड बसवतो मी. मागाच्या हादऱ्यानं एका सेन्सरची वायर ढिली झाली, माझा लूप सिग्नलची वाट बघत न झोपता फिरत राहिला, एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) पण लागेना, शेवटी प्लग उपटला आणि मेमरी कार्ड करप्ट झालं, त्या पाळीचा सगळा हिशोब गेला. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मूळ सेटिंग रिअल-टाइम टास्कना दर सेकंदाला ९,५०,००० मायक्रोसेकंद, म्हणजे ९५ टक्के. उरलेल्या ५ टक्क्यांत निदान लॉगिन करून टास्क मारता येतो, तेवढी वाट मी स्वतःच बंद केलेली.

पण ९५ टक्के ही सगळ्या आरटी टास्कची मिळून लिमिट झाली, तुमच्या टास्कला स्वतःची वेगळी पाहिजे. आरएलआयएमआयटी-आरटीटाइम (RLIMIT_RTTIME) ही प्रोसेसची लिमिट लावा. टास्क ब्लॉक न होता तेवढे मायक्रोसेकंद फिरला की आधी सॉफ्ट लिमिटला सिग्एक्ससीपीयू हा इशाऱ्याचा सिग्नल येतो, हार्ड लिमिटला थेट सिग्किल म्हणजे टास्क बंद, आणि नुसतं शेड-यील्ड (आपली पाळी सोडणं) केल्यानं मोजणी शून्य होत नाही बरं का. राउंड रॉबिन या दुसऱ्या रिअल-टाइम पद्धतीचे १०० मिलीसेकंद बरेच जण लिमिट समजतात, पण ती फक्त सारख्या प्रायॉरिटीच्या टास्कमधली पाळी आहे.

काम ठराविक वेळानं येत असेल तर शेड-डेडलाइन (दर पिरियडला ठरलेला सीपीयू वेळ देणारी पद्धत) घ्या, कर्नल ३.१४ पासून आहे. मी आता १० मिलीसेकंदाच्या पिरियडला २ मिलीसेकंदाचं रनटाइम देतो, बजेट संपलं की टास्क पुढच्या पिरियडपर्यंत थांबतो, आणि अशा सगळ्या टास्कच्या रनटाइमची बेरीज सीपीयूत बसत नसेल तर कर्नल सुरुवातीलाच ईबिझी ही एरर देऊन नकार देतो.

रनटाइमचा आकडा कुठून आणायचा? सकाळी टेबलावर मोजून नाही. मी आधी तसंच मोजलं, ०.८ मिलीसेकंद आलं, १ ठेवलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बोर्ड तापून स्वतःच क्लॉक (सीपीयूचा वेग) कमी करायला लागला आणि तेच काम १.३ ला जायला लागलं, पिक हुकले. तेव्हा माग चालू ठेवून, भर दुपारी, दोन-तीन तास मोजा आणि सरासरी नाही, सगळ्यात मोठा आकडा धरा.