‘इन्शुरन्समध्ये बसवून देतो’ म्हणाले तरी सही करू नका

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. १६ महिन्यांपूर्वी ठाण्यातल्या अधिकृत विक्रेत्याकडून ९ लाख ४० हजारांची नवी गाडी घेतली. वॉरंटी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर. गाडी जेमतेम १४ हजार चालली आहे. गेले पाच महिने पुढच्या डाव्या चाकाकडून खाडखाड आवाज येतो, पेव्हर ब्लॉकवर आणि ब्रेक दाबताना जास्त. सर्व्हिस सेंटरने आधी लिंक रॉड (सस्पेन्शनचे जोडदांडे) बदलले, मग ‘झीज’ म्हणून ७,८०० रुपये घेऊन स्ट्रट माउंट (शॉक ॲब्सॉर्बरची वरची बैठक) बदललं. आवाज तसाच. घराजवळच्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भागाचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटल्याचं दाखवलं. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, गाडी खड्ड्यात आपटली आहे, दोन्ही लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल, खर्च ५८ हजार. बाहेरच्या माणसाने हात लावला म्हणून वॉरंटीही संपली म्हणे. ‘इन्शुरन्समध्ये बसवून देतो, फक्त फॉर्मवर सही करा,’ असा आग्रह चालू आहे. गाडी त्यांच्याकडेच उभी आहे आणि रोजचे ५०० रुपये पार्किंग लावू म्हणतात. नवी गाडी मागता येईल का? महापालिकेवर दावा करावा का? मॅडम, काय करू?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : त्या फॉर्मवर सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

क्लेम फॉर्ममध्ये गाडी कधी, कुठे, कशी आपटली हे तुमच्या सहीने लिहिलेलं असतं. तुमच्या पत्रात गाडी आपटल्याचा एक शब्दही नाही. मग तो मजकूर सर्व्हिस ॲडव्हायझर रचणार आणि त्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडणार. न झालेला अपघात झाला असं सांगून विमा कंपनीकडून पैसे घेणं ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये ती बसते. तो भाग बाजूला ठेवला तरी नुकसान आहेच. उद्या तुम्ही ग्राहक आयोगात गेलात की विक्रेत्याचा वकील पहिला कागद हाच काढेल : ‘ग्राहकाने स्वतःच लिहून दिलंय, गाडी खड्ड्यात आपटली.’ तिथे तुमची केस संपली. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, जाईल तो वेगळाच.

तुम्ही पाठवलेल्या जॉबकार्डांचे, म्हणजे प्रत्येक फेरीच्या कामाच्या नोंदींचे, फोटो मी नीट पाहिले. तुमची बाजू भक्कम करणारा मजकूर सर्व्हिस सेंटरनेच लिहून ठेवला आहे. दुसऱ्या कार्डावर शेरा आहे, ‘रोड टेस्ट ओके, नॉइज नॉर्मल’. त्याच कार्डावर गाडी आत आली तेव्हाचं रीडिंग १२,८७४ आणि तुमच्या ताब्यात दिली तेव्हाचंही १२,८७४. म्हणजे गाडी धड किलोमीटरभरही फिरवलेली दिसत नाही. मग पेव्हर ब्लॉकवरचा आवाज कुणी आणि कुठे ऐकला? त्याच बिलात स्ट्रट माउंट बदलल्याची मजुरी आहे, पण व्हील अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याची, ओळ नाही. स्ट्रट खोलून बसवला की अलाइनमेंट तपासायचं असतं, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चाकाच्या याच कोपऱ्यातला बिघाड दुसऱ्या बिलात ‘झीज’ आहे आणि तिसऱ्या एस्टिमेटमध्ये ‘बाहेरचा आघात’. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच : पैसे तुमचे.

आता आवाजाबद्दल. मी वकील आहे, मेकॅनिक नाही. पण गाड्यांच्या तक्रारी लढताना एक कळलं आहे की दोष नेमका कोणत्या भागात आहे हे ठरल्याशिवाय कायदा पुढे सरकत नाही. आयोगाला ‘खाडखाड’ मोजता येत नाही, फाटलेला बुश दाखवता येतो. पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना बारीक टकटक आली तर संशय लिंक रॉडवर जातो. दोन्ही लिंक रॉड सोडवून गाडी थोडी हळू फिरवली आणि आवाज बंद झाला, तर तिथलाच दोष. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून कट्ट झालं तर स्ट्रट माउंट. ब्रेक दाबताना किंवा गाडी वेग घेताना एकच ठोका बसला तर लोअर आर्मचा बुश. तुम्ही पहिल्या दिवसापासून ब्रेकचा उल्लेख करताय, तो पहिल्या जॉबकार्डावरही आहे. तरी लोअर आर्मकडे तिसऱ्या फेरीपर्यंत कुणी पाहिलं नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतली त्रुटी म्हणतात ती हीच.

खड्ड्याचा मुद्दाही तपासून बघता येतो. लोअर आर्म खराब होईल इतक्या जोरात चाक आपटलं तर सहसा इतर खुणाही राहतात : रिम वाकतो, टायरच्या बाजूला फुगा येतो, आर्मला बाक येतो, अलाइनमेंटचे आकडे मर्यादेबाहेर जातात. रिम सरळ, टायर धड आणि आर्मला बाक नाही, फक्त रबर फाटलंय, तर आघाताची गोष्ट टिकणं कठीण. रबर लवकर फाटण्याचं एक कारण तर कामातच असू शकतं. आर्मचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळले, की गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वेळेआधी जातं. बहुतेक गाड्यांत हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. तुमच्या गाडीत हे कारखान्यात झालं, सर्व्हिस सेंटरमध्ये झालं की रबरच कच्चं होतं, हे तज्ज्ञाने सांगायचं आहे. तिन्ही शक्यतांत तुम्ही कुठेच दोषी नाही. आणि स्टिअरिंग रॅक कोणत्या तपासणीवरून बदलायचा म्हणतात, तेही लेखी विचारा. चाक वर घेऊन डावी-उजवीकडून हलवलं तर टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारा दांडा) आणि रॅकचा ढिलेपणा कळतो, वर-खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक आणि लोअर आर्म यांच्यातल्या सांध्याचा. हे केलं असेल तर दोन ओळी लिहून द्यायला त्यांना जड जाऊ नये.

म्हणून आधी गाडी बाहेर काढा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार गॅरेजला गाडी अडवून ठेवता येते, पण केलेल्या कामाच्या मजुरीपुरतीच. इथे काम झालेलंच नाही, फक्त एस्टिमेट झालंय. पार्किंगसाठी गाडी अडवण्याचा हक्क या कलमातून मिळत नाही. सर्व्हिस मॅनेजरला आजच ईमेल करा : ‘५८ हजारांच्या एस्टिमेटला माझी मंजुरी नाही, कोणताही भाग काढू नये, गाडी आहे त्या स्थितीत परत द्यावी.’ तरीही अडवलं तर वाद घालत बसू नका. रक्कम ऑनलाइन भरा आणि पावतीवर व ईमेलमध्ये ‘हरकत नोंदवून भरले’ असं लिहा. ती परत मागता येते. गाडी घेताना पुढच्या दोन्ही चाकांचे, रिमचे, टायरच्या आतल्या बाजूचे आणि लोअर आर्मचे फोटो तिथेच, त्यांच्या माणसासमोर काढा.

गाडी चालवत घरी आणू नका, टो करून आणा. बॉल जॉइंटची खात्री होईपर्यंत ती रस्त्यावर नको. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० प्रमाणे, धोकादायक दोष माहीत असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. आणि दोष माहीत होता हे तुमच्याच पत्रांवरून सिद्ध होईल. घरच्यांना घेऊन निघण्याआधी हे लक्षात असू द्या.

मग एखाद्या परवानाधारक मोटार सर्व्हेअरकडून, म्हणजे गाडीच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासणी करून घ्या. सर्व्हिस सेंटरला दोन दिवस आधी कळवा, त्यांचा माणूस आला तर उत्तम, नाही आला तरी तुम्ही बोलावलं होतं हे नोंदलं जातं. शेजारच्या गॅरेजवाल्याचं तोंडी मत पुरेसं नाही. मात्र त्याने एकही नट खोलला नाही, फक्त पहारीने आर्म हलवून दाखवला, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. फोनमधला आवाजाचा व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडता येईल.

वॉरंटी ‘संपली’ हे तोंडी सांगणं ऐकू नका. पुस्तिकेतलं कोणतं कलम, हे लेखी मागा. बहुतेक पुस्तिकांत बाहेरच्या दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. नुसतं पाहिल्याने रबर फाटत नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांच्या प्रकरणात, स्वतंत्र गॅरेजकडे गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असा आदेश दिला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पण नोटिशीत उल्लेख जरूर करा.

नवी गाडी मागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं बंधन असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. बुशच्या दोषासाठी गाडी मागितलीत तर तुमची रास्त तक्रारही अवास्तव दिसायला लागते आणि वर्षं जातात. मागा ते असं : दोन्ही बाजूंचे लोअर आर्म आणि गरज सिद्ध झाली तर रॅक विनामूल्य, काम झाल्यावर अलाइनमेंटच्या छापील आकड्यांसह अहवाल, ७,८०० रुपये व्याजासह परत, सर्व्हेअरची फी, गाडी टो करण्याचा खर्च, मनस्तापाबद्दल वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

१५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक कंपनी या तिघांना पाठवा. कंपनीला वगळू नका. कंपनी आणि विक्रेता एकमेकांकडे बोट दाखवतात, दोघेही समोर असले की ते जमत नाही. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा कंपनीचं मुख्य कार्यालय तिथूनच जागं होतं. शोरूम ठाण्यात असलं तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगात. गाडीची किंमत ५ ते १० लाखांत आहे, त्यामुळे फी फक्त २०० रुपये. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. ती पहिल्या जॉबकार्डाच्या तारखेपासून मोजा, हेल्पलाइनच्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. तक्रारीसोबतच त्याच अधिनियमाच्या कलम ३८(२)(क) खाली स्वतंत्र तपासणीचा अर्ज द्या आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेचं नाव सुचवा. सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही गाडी स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला सांगितलं होतं.

महापालिकेचं म्हणाल तर सोडून द्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंसाठी आणि जखमींसाठी भरपाई ठरवली, गाडीच्या सस्पेन्शनसाठी नाही. आणि पालिकेवर खड्ड्याचा दावा लावलात, तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल.

नोटीस गेल्यावर बहुधा फोन येईल, ‘गुडविल म्हणून अर्धा खर्च आम्ही करतो.’ पूर्ण भाग विनामूल्य मिळत असतील आणि ७,८०० परत येत असतील तर तडजोड करा, मनस्तापाच्या रकमेसाठी ताणू नका. पण जॉबकार्डावर ‘गुडविल’ऐवजी ‘वॉरंटी’ लिहून घ्या आणि नव्या भागांवरची वॉरंटी किती महिने तेही. डिलिव्हरीच्या दिवशी त्यांच्या माणसाला शेजारी बसवून पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी फिरवा. तोवर ‘समाधानकारक’ या रकान्यात सही करू नका.