जर्मनीत ऑर्गन वाजवायला यायचंय म्हणता?

सलाम. नगरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पायपेटी वाजवता, बव्हेरियात चर्चसंगीत शिकून इथंच नोकरी करायची, सोबत पत्नी आणि तिसरीतली मुलगी. जमेल का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते सोडतो.

वाजवणं जमेल. हात तयार असतील, पाय नसतील. आपल्याकडे पायानं भाता मारायचा. इथं पायाखाली ३० पट्ट्या (पेडल) असतात आणि खर्ज त्यांच्यावर वाजवायचा. शिवाय गीत सुरू होण्याआधी त्याच चालीवरची छोटी प्रस्तावना ऐनवेळी रचायची. पूर्णवेळ जागेला चर्चसंगीताची ‘बी’ किंवा ‘ए’ परीक्षा लागते. त्याखालच्या ‘सी’वाल्याला उपासनेमागे मानधन, पोटापाण्याची नोकरी वेगळी. मी ‘सी’वाला. त्या नोकरीच्या पगारातून चर्चचा कर जातो, आयकराच्या ८ टक्के. म्हणजे देवळानं द्यायचं आणि देवळानंच घ्यायचं!

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टशी आत्ताच जुळवून घ्या. माझ्या पाळकसाहेबांच्या एका ‘एच’नं मला कचेऱ्या पालथ्या घालायला लावल्या.

एकटेपणा? कॉयर असला की निभतं.

रचनांचं मात्र अवघड आहे. रेव्हरंड टिळकांच्या एका पदाला मी भूपात चाल लावली, पेडलवर सा धरून उपासनेच्या शेवटी वाजवली. एका आजींनी हात हातात घेऊन विचारलं, “चिनी आहे का हो?” प्रेमानंच. तेव्हापासून माझं वहीत, त्यांचं देवळात.

आता मुलीचं. इथं चौथीतच गुणांवरून मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. माझी तिसरीच्या मध्यात आली. चौथीला गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. इथं १ म्हणजे सर्वांत वर. सरासरी २.६६. गिम्नॅजियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेला, २.३३ लागते, म्हणून रेआलशूलं, म्हणजे त्याखालची मधली शाळा. उशिरा आलेल्या परभाषी मुलांचं घोडं फक्त जर्मनपाशी अडलं असेल, तर ३.३३ पर्यंत सवलत देता येते, हे वर्गशिक्षिकेनं सांगितलंच नाही. मला कळलं तेव्हा प्रवेश होऊन गेले होते. ती म्हणते, “पप्पा, सोडा ना आता.” तिचं छान चाललंय. रात्री अडीचला ते आकडे मीच मांडत बसतो.

तुमचीही ऐन त्याच वयात येणार. पहिल्याच पालकभेटीत ३.३३ चा विषय काढा, जर्मन मोडकंतोडकं असलं तरी, आणि उत्तर लेखी मागा.