डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि रिपोर्ट निगेटिव्ह

प्रश्न : आम्ही परभणीचे. आईचं वय ५२. वर्ष-दोन वर्षं झाली, डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचायलंय म्हणते, ज्वारीची भाकर तर पाण्याचा घोट घेतल्याशिवाय घशाखाली उतरतच नाही, दाढा एकामागून एक किडायल्यात आणि सांधेही दुखतात. संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून संधिवाताच्या गोळ्या चालू केल्या. आता एका डॉक्टरांनी शोग्रेन सिंड्रोमचा संशय घेतला पण त्याची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. मग विषय संपला का? आणि हा आजार इतका दुर्मिळ आहे का की कुणाला माहीतच नाही?

उत्तर : ताई, विषय संपला नाही, आणि तुम्ही सगळ्या तक्रारी एका जागी लिहिल्यात हे फार बरं केलंत, कारण हा आजार हुकतो तो इथंच. डोळे डोळ्यांच्या डॉक्टरकडं, दाढा डेंटिस्टकडं, सांधे हाडांच्या डॉक्टरकडं, आणि कोरड पडते म्हणलं की घरचे म्हणतात, अगं मराठवाड्याचा उन्हाळा आहे, पाणी पी.

शोग्रेनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली १९ बायकांच्या नोंदींवरून तो नीट मांडला. जगभरातल्या पाहण्या एकत्र धरल्या तर लाखात साधारण ६० जणांना असतो, निकष सैल धरले की आकडा बराच वाढतो. परभणी शहर ३ लाखांच्या वरचं, म्हणजे नुसत्या हिशेबानं पावणेदोनशेच्या पुढं लोक निघतील. दहातल्या नऊ बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या, त्यामुळं पाळी जायच्या वयाचा त्रास म्हणूनही सोडून दिलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तपासणीचं. आरए फॅक्टर शोग्रेनमध्येही पुष्कळदा पॉझिटिव्ह येतो, म्हणून तेवढ्यावर संधिवात ठरत नाही, अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. शोग्रेनच्या रक्ततपासणीत बघतात ती एसएसए म्हणजे रो अँटीबॉडी (स्वतःच्याच शरीरावर उलटणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आली तर निदान सोपं होतं, पण जवळपास तीनातल्या एका रुग्णात ती निगेटिव्हच असते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गुण मोजतात. रो अँटीबॉडीला ३, ओठाच्या बायोप्सीला ३, डोळ्यांच्या दोन तपासण्या आणि लाळेची एक यांना प्रत्येकी १, आणि एकूण ४ झाले की शोग्रेन धरतात. म्हणजे आईची रो अँटीबॉडी निगेटिव्ह असेल तर बायोप्सीशिवाय ४ होणारच नाहीत.

डोळ्यांच्या दोन तपासण्यांतली पहिली, शिर्मर टेस्ट, अगदी साधी, खालच्या पापणीच्या आत टीपकागदाची पट्टी अडकवतात, ५ मिनिटांनी ती ५ मिलिमीटर किंवा कमी भिजली तर अश्रू कमी. दुसरीत रंगाचे थेंब टाकून बुबुळ कुठं खरवडल्यासारखं झालंय ते बघतात. लाळ नुसती वाटीत जमा करून मोजतात. बायोप्सी म्हणलं की लोक घाबरतात, कॅन्सर डोक्यात येतो, पण इथं खालचा ओठ आतून बधिर करून छोटा छेद देतात आणि ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारक्या चार-पाच ग्रंथी काढतात, घरी लगेच जाता येतं. मात्र हे नमुने वाचण्याची सवय असलेला पॅथॉलॉजिस्ट हवा, ते आधी विचारून घ्या.

त्याआधी आईच्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या दाखवा. ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी असंच तोंड सुकतं. गोळ्या मनानं बंद मात्र करू नका. शुगर आणि हिपॅटायटिस सी पण तपासून घ्या. रक्तातलं पोटॅशियमही बघा, शोग्रेनमध्ये किडनीवर परिणाम होऊन ते घसरतं आणि एखादीचे हातपाय एकदम लुळे पडतात.

या सगळ्याची घडी बसवणारा डॉक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचा तज्ज्ञ, त्यासाठी नांदेड किंवा संभाजीनगरला जावं लागलं तरी जा, शिर्मर मात्र जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं होऊन जाईल. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब त्यांच्या सल्ल्यानं चालू ठेवा. आणि कानाखाली किंवा जबड्याजवळ सूज येऊन ती उतरेना, ताप राहायला लागला, वजन घटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, थोड्या रुग्णांत पुढं लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होऊ शकतो, तेव्हा लगेच दाखवा.